कॅन्सरच्या नकाशावर भारत फिका का दिसतो, आणि बायकांचं गणित वेगळं का आहे

प्रश्न विचारणारा मुलगा तासगावकडचा आहे, सध्या बुडापेस्टला शिकतोय. तिथं त्यांना वर्गात जगाचा नकाशा दाखवला, कुठल्या देशात कॅन्सरने किती माणसं मरतात त्याचा. हंगेरी गडद लाल, मंगोलिया त्याहून गडद आणि भारत एकदम फिका पिवळा. शेजारचा कोण तरी म्हणाला, तुम्ही लोक हळद खाता म्हणून असेल. तर याचं विचारणं असं की आपल्याकडे खरंच कॅन्सर कमी आहे का, जगभर पुरुष जास्त मरतात म्हणे, मग आमच्या गावात बायकाच जास्त का दिसतात, आणि आईचं वय ५२ आहे, ती मिश्री (भाजलेली तंबाखू) लावते, तर तिला काही तपासण्या करून घ्याव्यात का.

मी गेली सत्तावीस वर्षं सांगली-मिरजेत कॅन्सरची ऑपरेशनं करतोय, जास्त करून तोंडाची आणि स्तनाची. आकडेवारी हा माझा धंदा नाही पण रोज ओपीडीत बसणाऱ्याला आकड्यांमागचं जे दिसतं ते सांगतो, जरा लांब होईल.

आधी हळदीचं संपवून टाकतो. सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे, अभिमान आहेच, पण हळदीने कॅन्सर थांबत असता तर मार्केट यार्डातल्या हमालांना माझ्याकडे यायचं कारणच नव्हतं, हळदीच्या धुरळ्यात आयुष्य जातं त्यांचं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन काम करतं हे खरं, पण पोटातून ते अंगात मुरतच नाही फारसं. तिथंच विषय संपला.

आता नकाशा. असला नकाशा बघताना पहिली गोष्ट वयाची. कॅन्सर हा मुळात वाढत्या वयाचा आजार. जपानमध्ये निम्मी माणसं ४९च्या आसपास किंवा पुढची, आपल्याकडे निम्मी तिशीच्याही आतली. त्यामुळे सरळ भागाकार केला तर जपानमध्ये वर्षाला लाखामागे तीनशेच्या वर माणसं कॅन्सरने जातात आणि भारतात पासष्टच्या आसपास, आणि ते बघून कोणीही म्हणेल बघा आपण किती भारी. म्हणून मग वय समान धरून दर काढतात, म्हणजे दोन्हीकडे म्हातारे-तरणे सारख्याच प्रमाणात असते तर काय झालं असतं ते. तसं केलं की जपान धाडकन शंभराच्या खाली येतो आणि भारत मात्र साठ-पासष्टलाच राहतो. आता बोल, फरक केवढा उरला?

तू बघितलेला नकाशा बहुतेक असा वय समान धरलेलाच असणार, ल्योंच्या आयएआरसीचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा. त्यातही भारत फिकाच दिसतो, ते चुकीचं नाही. पण त्या एका रंगात वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात. किती लोकांना कॅन्सर होतो ही एक, झालेल्यातले किती वाचत नाहीत ही दुसरी. २०२२ चे त्यांचेच आकडे घे. वय समान धरून नव्या केसेसचा जगाचा दर लाखामागे १९७च्या आसपास, आपला ९८-९९, म्हणजे बरोबर निम्मा. मृत्यूचा दर जगाचा ९२, आपला ६४. होण्यात आपण निम्मे आणि मरण्यात सत्तर टक्के, हा मधला जो वीस टक्क्यांचा फरक आहे ना, तो माझ्या ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेला असतो.

ढोबळ हिशोब सांगतो. त्या वर्षी भारतात १४.१ लाख नवे पेशंट आणि ९.१६ लाख मृत्यू, म्हणजे शंभराला पासष्ट. अमेरिकेत हेच शंभराला पंचवीसच्या आसपास. हे पक्कं गणित नव्हे, या वर्षी गेलेला माणूस हा बऱ्याचदा गेल्या किंवा त्याच्या आधीच्या वर्षीचा पेशंट असतो, पण अंदाज यायला पुरेसं आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर हे अजून उघडं दिसतं. सगळ्यात प्रगत देशांत बारा बायकांमागे एकीला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो आणि एकाहत्तरात एक त्याने मरते. सगळ्यात गरीब देशांत होतो फक्त सत्तावीसात एकीला, पण मरते अठ्ठेचाळीसात एक. म्हणजे जिथं आजार कमी तिथं मरण जास्त. आजार तोच, गाठ तीच, औषधंही बरीचशी तीच आणि आता तर स्वस्तही झालीत, फरक आहे तो गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरसमोर बसेपर्यंत किती महिने गेले याचा.

मागच्याच पावसाळ्यातलं सांगतो. जत तालुक्यातल्या एक काकू आल्या, सोबत सून. गाठ लिंबाएवढी, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली, काखेत पण गाठी. कधीपासून आहे म्हटलं तर म्हणाल्या, "दिवाळीच्या फराळाचं करताना हाताला लागली वो, पण दुखत न्हवती." दुखत नव्हती, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पेशंटने तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू येतं. मग सून हळूच बोलली की आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या कारखान्याचा पट्टा पडू दे (उसाचा हंगाम संपू दे) मग बघू, पट्टा पडला तर नातीचं लग्न निघालं, लग्न झालं तर पेरणी आली. आणि या सगळ्यात घरातल्या कुणाचं काही वाईट मनात होतं असं अजिबात नाही. त्याच घरात सासऱ्यांच्या तोंडात फोड आला होता तेव्हा दुसऱ्या दिवशी गाडी करून मिरजेला आणलं होतं. पैशाचाही तितका प्रश्न नव्हता, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं बसतं.

आणि नोंदीचा घोळ आहे तो वेगळाच. आपल्याकडे डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीचे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला 'वार्धक्य' नाहीतर 'हृदयक्रिया बंद पडून'. अरे हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. म्हणून मग अंदाज बांधावे लागतात. २००१ ते २००३ च्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास झाला होता, घरोघरी जाऊन माणूस कसा गेला हे नातेवाईकांना विचारून कारण ठरवलं, २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ३० ते ६९ वयात कॅन्सरने मरण्याचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखं निघालं. "कॅन्सर शहरवाल्यांना होतो, आम्ही गावचं शुद्ध खातो" म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कोणाला आवडत नाही.

देशातल्या देशातही केवढा फरक आहे बघ. २०१२ ते २०१६ च्या नोंदींत मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमध्ये नव्या केसेसचा दर लाखामागे २६९, आणि सगळ्यात तळाला आपलं उस्मानाबाद-बीड, ३९.५. जवळपास सातपट. एवढा फरक निव्वळ नोंदी राहिल्या म्हणून होत नसतो, आणि तो भाग काही आंधळा नाही, बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली, आणि त्या लोकांनी गावोगाव फिरून चिकाटीने काम केलंय. ऐझॉलला तंबाखूचं प्रमाण प्रचंड आहे, शिवाय पोटाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर भरपूर. पण उस्मानाबाद-बीडच्या त्याच ओळीत एक गंमत आहे, पुरुष ३९.५ आणि बायका ४९.४. बायका जास्त! तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आलं, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी गडद देश. हे सगळे एकाच कारणाने गडद नाहीत, हे लोक विसरतात. मंगोलियाचा मृत्यूदर आपल्या अडीचपटीहून जास्त आहे आणि त्यात मोठा वाटा लिव्हरच्या कॅन्सरचा, कारण हिपॅटायटिस बी आणि सी तिथं घराघरात, त्यात दारू. तुझं हंगेरी आपल्या दुपटीच्या आसपास, आणि तिथं मुख्य गोष्ट सिगारेट. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हंगेरी जगात अगदी वरच्या रांगेत, पुरुषांत आणि बायकांतही. आता तू बुडापेस्टच्या रस्त्यावर बघशील तर म्हणशील पोरं कुठं एवढी ओढतात, बरोबर आहे, कारण आज मरणारा माणूस तीस-चाळीस वर्षांपूर्वी ओढायला लागलेला आहे. मृत्यूदराचा नकाशा हा आजचा नसतोच, तो तुझ्या वडिलांच्या तरुणपणीचा असतो.

पुरुष-बायकांचा फरक कळायला ही तीस-चाळीस वर्षांची गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. जगाची सरासरी अशी की वय समान धरून पुरुषांचा मृत्यूदर लाखामागे ११० आणि बायकांचा ७७. रशिया, बाल्टिक देश वगैरे भागात पुरुष बायकांच्या दुपटीच्या जवळ जातात. लोकांना वाटतं की पुरुषाचं शरीरच तसं असेल. थोडं आहेही, मूत्राशयाचा कॅन्सर सिगारेट बाजूला काढली तरी पुरुषांना जास्त होतो, लिव्हरचा दोन-तीनपट होतो, हार्मोन्स, गुणसूत्रं, प्रतिकारशक्ती असं बरंच त्यात आहे. पण फरकाचा मोठा तुकडा तंबाखू आणि दारूचा आहे, आणि ते कसं कळतं तर बायका ओढायला लागल्या की फरक आपोआप मिटत जातो म्हणून. अमेरिकेत पुरुष आधी ओढायला लागले, बायका एक पिढी उशिरा. तर १९८७ साली तिथं बायकांच्या मृत्यूंमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने स्तनाच्या कॅन्सरला मागे टाकलं. पुरुषांचा फुप्फुसाचा मृत्यूदर १९९० च्या सुमारास शिगेला पोचून उतरायला लागला, बायकांचा उतरायला अजून दहा-एक वर्षं गेली. डेन्मार्कच्या बायकाही बिनधास्त ओढायच्या, तिथंही तेच झालं. बाईचं शरीर तेच होतं, सवय बदलली.

उलटंही आहे. चीनमध्ये युन्नान प्रांतातल्या शुआनवेईला बायका ओढत नव्हत्या आणि तरी फुप्फुसाचा कॅन्सर भयंकर. का, तर बिनधुराड्याच्या घरात धूर सोडणारा दगडी कोळसा जाळून स्वयंपाक. चुलीला धुराडं बसवलं तिथं धोका पुढं कमी झाला. आणि पित्ताशयाचा कॅन्सर, चिलीमध्ये आणि आपल्या उत्तरेत गंगेच्या पट्ट्यात जास्त, तो तर बायकांनाच दोन-तीनपट होतो, कारण पित्ताचे खडे बायकांना जास्त.

आता भारत. आपल्याकडे २०२२ मध्ये नव्या केसेस पुरुष ६.९१ लाख, बायका ७.२२ लाख, म्हणजे बायका थोड्या जास्तच. मृत्यूदर दोघांचा जवळपास सारखा. जगात पुरुष इतके पुढे असताना आपल्याकडे बरोबरी, ती कशामुळे? आपली बाई काही सिगारेट ओढत नाही, आणि पुरुषही फारसा नाही, महाराष्ट्रात २०१६-१७ च्या तंबाखूच्या पाहणीत बाई-पुरुष मिळून ओढणारे जेमतेम चार टक्के होते पण खाणारे चोवीस टक्के. म्हणून आपल्या पुरुषांचं फुप्फुस युरोपच्या मानाने वाचतं आणि तोंड जातं. बायकांच्या बाजूला मात्र दोन वजनं पडतात, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड. २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने ९८ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ८० हजारांच्या आसपास बायका गेल्या. पूर्व आफ्रिकेत याहून पुढचं टोक आहे, तिथं काही देशांत एचआयव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर इतका की बायकांचा मृत्यूदर पुरुषांच्या बरोबरीला किंवा वर जातो.

म्हणजे "भारतात पुरुष-बायका सारखे" हे ऐकायला बरं वाटतं, पण ती बरोबरी नुसती पुरुष वाचले म्हणून आलेली नाही, बायका उशिरा पोचतात आणि एक टाळता येणारा कॅन्सर आपण टाळत नाही म्हणूनही आलेली आहे. माझं तरी मत हेच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, तो व्हायला दहा-पंधरा वर्षं घेतो, तेवढ्या काळात कधीही पकडता येतो. आणि याचा जगातला सगळ्यात ठोस पुरावा कुठून आला माहितीये? बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर केलेल्या अभ्यासातून. ५२ गट पाडले, कुणाला एचपीव्ही टेस्ट, कुणाला पॅप (तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची टेस्ट), कुणाला व्हिनेगर लावून बघायची तपासणी, कुणाला नेहमीचं. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात त्या कॅन्सरने मरणाऱ्या बायका जवळपास निम्म्या झाल्या. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, जगात धोरणं ठरवताना त्याचा आधार घेतला गेला, आणि आमच्या तालुक्याच्या गावाला आजही अशी टेस्ट असते हे दहातल्या आठ बायकांना माहीत नसतं.

आता तुझ्या गावात बायकाच का दिसतात त्याचं उरलेलं निम्मं. एकतर वरचं सगळं. दुसरं म्हणजे, पुरुषाचा तोंडाचा कॅन्सर लोक 'तंबाखूचा आजार' म्हणून वेगळ्या खान्यात टाकतात, त्याला कॅन्सरमध्ये मोजतच नाहीत, "गालाला झालं होतं" म्हणतात. बाईला झाला की मात्र "कॅन्सर झाला". मोजताना लक्ष दे. आणि लोक मला द्राक्षाच्या फवारणीबद्दल विचारतात, तासगावचा प्रश्न म्हणजे येणारच. फवारताना मास्क-हातमोजे घालावेत, अंगावर घेऊ नये, त्यात वादच नाही. पण शेताच्या बांधावर उभं राहून फवाऱ्याला शिव्या घालणाऱ्या माणसाच्या खालच्या ओठात तंबाखूची चिमूट असते, ते मला बघवत नाही.

राहिली आई. मिश्री म्हणजे काय हे तुझ्या बुडापेस्टच्या मित्रांना सांगून कळायचं नाही, तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरडीला लावायची. बायका त्याला तंबाखू म्हणतच नाहीत. मी विचारतो, मावशी तंबाखू खाता का, उत्तर येतं, "छे छे, काय बोलताय डॉक्टर." मग विचारतो मिश्री लावता का, तर "ती काय, दात घासायला." आणि दात दिवसातून पाच वेळा घासले जातात! हा आपल्याकडचा बायकांचा तंबाखू, पाहणीतही प्रश्न नीट विचारला नाही तर सुटून जाणारा.

आईला सांग, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घालून बघ म्हणावं, आडवी नाही, एकावर एक उभी. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आतून पांढरा किंवा लाल पट्टा दिसत असेल, किंवा तीन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम असेल तर दाखवायचं, आणि कोणी नुसती अँटिबायोटिकची गोळी बदलून बदलून देत बसलं तर तिथून उठायचं. माझ्याकडे चार महिने गोळ्या खाऊन आलेले पेशंट आहेत, त्या चार महिन्यांत जबडा वाचण्याची वेळ निघून गेलेली असते. स्तनाची तपासणी डॉक्टरकडून करून घ्यायची, या वयात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करायला हरकत नाही, आणि एचपीव्ही टेस्ट एकदा नक्की. पाळी गेली असली तरी करायची, "आता माझं काय राहिलंय" हे कारण चालणार नाही. पुण्या-मुंबईला न्यायची काही गरज नाही, हे सगळं सांगली-मिरजेत होतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, एसटीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाता येतं.

फक्त येताना मिश्रीची डबी बरोबर आणायला सांग. मी पेशंटला किती लावता असं विचारतच नाही, डबी टेबलावर ठेवायला सांगतो आणि विचारतो ही किती दिवसांत संपते, त्याचं उत्तर बायका खरं देतात.